सोडण्याचं कारण

नीथच्या टेकडीमागे, जुन्या बस डेपोच्या शेडचं कुलूप
नेरिस प्रिचर्ड सकाळी साडेसातला काढते.
आधी फाटकाशी पाहते.
आज केळ्यांचं खोकं. दोरीने आवळलेलं,
पेन्सिलीने भोकं पाडलेली, म्हणजे काळजीनेच.
आत कोबीचं एक पान आणि तीन पिल्लं.
दुकानदाराने 'दोन्ही माद्या' म्हणून दिलेल्या
कुठल्याशा जोडीचा हा हिशोब.

जागा चोविसांची. खोकं धरून एकसष्ट.
बाथरूमच्या टबात चार.
ऑफिसात, फायलींच्या कपाटाखाली एक,
ज्याचं कुणाशीच पटत नाही.
एमलिन, पोलादाच्या कारखान्याने घरी बसवलेला,
मालाच्या फळ्या उकलून पिंजरे ठोकतो,
आणि प्रत्येक वेळी खिळे तोंडात धरून म्हणतो,
हा शेवटचा.

पलीकडे कुत्री भुंकतात. मांजरं रात्रभर गाऱ्हाणं घालतात.
माणसं आवाजाकडे वळतात.
ससा काही बोलत नाही.
भ्यायला तर मागचा पाय जमिनीवर आपटतो, एकदाच.
सुखावला तर दातांवर दात घासतो,
इतके हळू, की कपाळावर बोट ठेवूनच कळावं.
सशाचं काळीज म्हणतो आपण, हसून.
कुणी धरून पाहिलंय ते,
तळहाताला लागून पळत सुटलेलं,
जागच्या जागी?

अर्जावर एक रकाना आहे: सोडण्याचं कारण.
घर बदललं. बाळ झालं. सोफा. टीव्हीची वायर.
मुलगा मोठा झाला.
वाटला होता तसा नाही.
एकाने नुसतंच लिहिलं: ससा.

मार्चमध्ये एक बाप आला, गाडी चालूच ठेवून.
रकान्यात 'ॲलर्जी', खाली सही, तारीख.
बरोबर मुलगी, लोवरी, नऊएक वर्षांची.
तिने पेन मागून घेतलं
आणि कागदाच्या पाठीवर लिहिलं:
याला रेडिओ आवडतो. बोलण्याचा. गाण्यांचा नाही.
मग त्याचे कान मागे सारले, नीट,
झोपवताना पांघरूण सारखं करतात तसे,
आणि गाडीत जाऊन पुढच्या सीटवर बसली.
एकदाही शिंकली नाही.

डॉक्टर गुरुवारी येतात.
त्याच्या आधीचा बुधवार नेरिसला सरता सरत नाही.
यादी तिच्याच अक्षरात असते.
दात गालात घुसलेला, एक डोळा गेलेला,
वय सात असावं, नाव माहीत नाही.
यादी करताना ती चहा घेत नाही. एवढंच.
एमलिन एकदा म्हणाला, रानात सोडले तर?
तिने खिडकीतून टेकडी दाखवली.
कोल्हा आहेच, म्हणाली,
पण यांना तर बीळ म्हणजे काय
तेही कुणी सांगितलेलं नाही.
आणि बघ ना, किती पांढरे.

चंद्राला शशांक म्हणणाऱ्या भाषेत मी हे लिहितो आहे.
वर एका सशाला कधीचं मांडीवर घेतलेलं,
आणि त्यालाच डाग म्हणणारेही आपणच.
एकाचीच सोय होती तिथे.
बाकीच्यांसाठी हा शेडचा पत्रा,
ज्यावर पौर्णिमा नुसती येते आणि
आत कुठून जायचं ते न कळून
तशीच सांडून जाते.

गुरुवारी संध्याकाळी अठ्ठावन्न.
शुक्रवारी सकाळी फाटकाशी पुन्हा काहीतरी असेल.
दिवे मालवून नेरिस रेडिओ लावून ठेवते, बारीक.
उद्याचं हवामान. भरतीच्या वेळा.
कुठल्याशा बंदरावर धुकं.
लोवरीचा ससा जाळीला टेकून ऐकतो.
त्याच्या शेजारचा त्याला टेकून.
रात्री एकला बातम्यांची बाई निरोप घेते
आणि नुसती खरखर उरते.

त्या खरखरीत कुणीतरी पाय आपटतो, एकदा.

जरा थांबून, टबातून, दुसरा.